शेजारच्या घरातला गूळ

२१ ऑगस्ट

दूध पुन्हा करपलं. आत्या ओट्यापासून दोन हातांवर अळूची पानं निवडत बसली होती. मी पार बाहेर, ओसरीवर, ऑफिसच्या कॉलमध्ये. वास मला आला, तिला नाही. आत गेले तर पातेल्याच्या बुडाशी काळा थर आणि ही शांतपणे देठ सोलतेय.

"लक्ष नव्हतं गो."

आत्याचं लक्ष नाही? वाडीच्या टोकाला पेरू पिकला की हिला घरात बसून कळायचं.

जूनमधल्या तापानंतर खंगलीय हे खरं. मंगेशदादा (तिचा मुलगा, माझा आत्तेभाऊ) तेव्हाच म्हणून गेला होता की पुन्हा काही झालं तर आईला कायमची त्याच्याकडे फुलपाड्याला नेणार. फ्लॅटमध्ये तिची खोलीसुद्धा तयार आहे, ग्रिलमध्ये तुळस. वाईट काही नाही त्यात. फक्त तिथे केळीची वाडी नाही.

आज गॅसचा अलार्म मागवला. गॅस सुटला की ओरडतो आणि फोनवर निरोप पाठवतो. आत्याला सांगितलं, विमा कंपनीचा नियम आहे. खोटं बोलायला मला इतक्या पटकन सुचतं हे नवीनच.

२४ ऑगस्ट

अलार्म आला. वाय-फायवाला. राउटर ओसरीत, स्वयंपाकघर मागे, मधे दोन फूट जाडीची दगडी भिंत. जोडला जातो, पाच मिनिटांनी सुटतो. दिवसभर तेच. आत्या येता-जाता बघत होती, "अजून नाय लागला?" जणू गाईला पान्हाच फुटत नाही.

दुपारी कंटाळून ओसरीवर आडवी झाले. माझा निरोप आता भिंतीच्या आत कुठेतरी असेल. दगड आणि चुन्याच्या मधोमध. थंड वाटत असेल त्याला. झोप लागली.

२८ ऑगस्ट

दीड दिवसाचा गणपती आज गेला. आता जे लिहितेय ते लिहू की नको असं संध्याकाळपासून चाललंय.

नैवेद्याला आत्याने राजेळी केळ्यांचा एक घड पिकत घातला होता, तिच्या पद्धतीने, पेंढ्यात, मागच्या पिकवणीच्या खोलीत. (यापुढे पि.खो. लिहीन, हात दुखतो.) काल सकाळी घड बाहेर आला. सालं सुंदर पिवळी. आत्याने एक फणी देवापुढे ठेवली. मी वाकले नमस्काराला, आणि आंबूस वास. चांगला दोन दिवस उलटलेला. देवापुढे बोलायचं कसं?

आज विसर्जनानंतर उरलेली केळी कालवून ती मला वाटी द्यायला लागली. मी म्हटलं, आत्या, आंबलीत ही.

तिने वाटी नाकाशी नेली. कितीतरी वेळ तशीच धरून होती. मग खाली ठेवली.

"मना वास नाय येत, सुजे. तापापासून. काहीच नाय येत."

मला रडू आलं, तिला नाही. आत्या म्हणजे सुकेळी. दसऱ्यापासून होळीपर्यंत ती राजेळी पिकवते, सोलते, मांडवावर उन्हात सुकवते, सुकल्या पानांत बांधून देते. आमच्या गावात आता फक्त तीच करते. आणि सगळं अडतं एका गोष्टीवर, पि.खो.चं दार कोणत्या सकाळी उघडायचं. रंगावरून कळत नाही, हाताने दाबून अर्धंच कळतं. एक दिवस आधी उघडलं तर सुकेळी चामट होते, एक दिवस नंतर तर आंबते. चाळीस वर्षं ती दाराच्या फटीला नाक लावून सांगत आलीय.

"मंगेशला नाय हांगायचं. मना नेईल तो."

हो म्हटलं.

३ सप्टेंबर

वाचतेय. जेवताना, अंघोळीचं पाणी तापताना. घरातल्या वस्तूंनी एकमेकींशी बोलायच्या इतक्या भाषा असतील असं वाटलं नव्हतं. माझ्यापुरतं टिपून ठेवते.

वाय-फाय: बडबड्या, ताकदवान, पण खातो फार. सेलवर चालणारी वस्तू आठवड्यात भुकेने मरते. ब्लूटूथ: एका खोलीपुरता. झिगबी: हळू आवाजाची, सेल वर्ष वर्ष पुरतो, आणि मुख्य म्हणजे एकीने ऐकलेलं दुसरी पुढे सांगते. भिंत आडवी आली तर दारातून वळून जाते. झेड-वेव्ह: तीच रीत, जास्त लांबचं, पण इथे वस्तूच मिळत नाहीत. थ्रेड, मॅटर: नवी पिढी, सगळ्यांनी एकच भाषा बोलायची असं ठरवतेय. ठरवू देत, मला दिवाळीच्या आत हवंय.

झिगबी. ठरलं. हळू आवाजात बोलणारं काहीतरी या घरात बरं वाटेल.

७ सप्टेंबर

लागलं! माजघरातल्या जुन्या लॅपटॉपला रिसीव्हर, ओसरीत एक प्लग, पडवीत दुसरा, आणि स्वयंपाकघरात नवा अलार्म, झिगबीचा. पडवीतला प्लग निरोप उचलून पुढे देतो. फोनवर नकाशा दिसतो, चार ठिपके आणि मधे बारीक रेघा. अर्धा तास नुसती बघत बसले. आमचं घर वरून असं दिसतं हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी एक ठिपका गेला. आत्या. खोलीतून निघताना भिंतीवरचं प्रत्येक बटण बंद करायचं ही तिची जन्माची सवय. समजावलं, हा प्लग दिवा नाही, निरोप पोचवणारा आहे, बंद केला तर मागच्यांचं काही ऐकू येत नाही.

"असं हांग ना मग. त्याला नाय झोपवायचं."

बटणावर तिने कुंकवाचं बोट लावून ठेवलंय. खूण म्हणून.

१४ सप्टेंबर

आता खरं काम. गॅसचं झालं, पण पि.खो.? ती घरापासून साठ पावलांवर आहे आणि मधे सगळी केळ. मनात असं आहे की आत तापमानाचा, ओलाव्याचा, जमलं तर वासाच्या वायूंचा सेन्सर ठेवायचा. आत्याचं नाक नाही तर नाकासारखं काहीतरी.

सेन्सर हातात धरून घरापासून चालत गेले. दहा पावलं ठीक, वीस ठीक. पहिल्या रांगेच्या आत शिरले आणि सेन्सर मेला. बाहेर आले, जिवंत. चार वेळा तेच. आत पानं डोक्यावर मिटलेली, हिरवा उजेड, कुठेतरी थेंब पडत होते. मी आत उभी राहिले आणि कोणालाच ऐकू जात नव्हते. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. ऑफिसचे तीन कॉल चुकले.

दुपारी अँथनीकाकांना फोन. पापडी गावचे, जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, आता घरी रेडिओ उघडतात आणि बंद करत नाहीत. स्कूटरवरून आले, वाडीकडे पाहून हसायलाच लागले.

"अगं ही झाडं कसली? पाण्याच्या टाक्या उभ्या केल्यायत तुम्ही! तुझं झिगबी काय, वाय-फाय काय, दोन्ही बारीक लाटांचे. पाण्यात जिरतात. लांब लाट घे. लोरा. बोलेल कमी, पण जाईल."

आत्याने विचारलं, केळी कापावी लागतील काय?

"नाय वयनी. केळींना हात नको लावू. आपन लाट बदलू."

२१ सप्टेंबर

काकांनी दोन छोटे लोरा बोर्ड आणले. अँटेना तांब्याच्या तारेची, स्वतः कापलेली. आठ सेंटिमीटर सहा मिलिमीटर. चष्मा कपाळावर, पट्टी डोळ्याशी. "एक मिलिमीटर चुकला तरी लाटेला कळतं, तुला नाही कळणार."

एक बोर्ड पि.खो.त, एक माजघरात. बारा वाजून दहा मिनिटांनी पहिला निरोप आला. *तापमान २९, ओलावा ८४.* एवढंच. केळीच्या सगळ्या पानांतून, खोडांतून, पाण्यातून आलेलं एवढंच वाक्य. मी मोठ्याने वाचलं. आत्याने हात जोडले, कोणाला ते कळलं नाही.

काका जाताना हळूच म्हणाले, "हे सगळं कशासाठी ते विचारत नाही मी."

त्यांना कळलंय बहुतेक. आत्याने दिलेल्या चहात साखरेऐवजी मीठ होतं आणि त्यांनी सगळा प्यायला.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी फोन उघडते तर पि.खो.त ओलावा ९९. छप्पर गळालं? पूर आला? चपला न घालता धावत गेले.

काल खंडेनवमी. आत्या दर वर्षी हत्यारं पुजते, कोयती, विळा, पहार, पंपाची मोटर. या वर्षी तिने सेन्सरही पुजला. ओलं गंध, हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल, नेमकं त्याच्या जाळीवर. बिचारा गंधाच्या आत बसून खरं तेच सांगत होता.

रागवायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "तो पन कामाला लागलाय ना आता?"

मऊ ब्रशने पुसला. दुपारपर्यंत ८१. कुंकवाचा एक कण आत राहिलाय, राहू दे.

९ ऑक्टोबर

वासाच्या वायूंचा सेन्सर बसवला. आकडा देतो, शून्यापासून पाचशेपर्यंत. आज पहिले घड उतरवले, सात. मंगेशदादाने माणूस पाठवला होता. फण्या सोडवून पेंढ्यात लावल्या. संध्याकाळी आत्याने मडक्यात गोवरी पेटवून आत ठेवली, थोडी ऊब द्यायला, आणि आकडा थेट ४६०. धूर! म्हणजे संध्याकाळपासून धूर ओसरेपर्यंत हे नाक बंद.

आणि दुसरी गोष्ट, जी मला आधीच सुचायला हवी होती. समजा उद्या सकाळी आकडा १२० आला. मग? १२० ला उघडायचं की १८० ला? मागच्या वर्षीचा आकडा कोणाकडे आहे? सेन्सरकडे चाळीस वर्षं नाहीत. ती आत्याकडे आहेत, आणि तिच्याकडे नाक नाही.

दीड महिना तारा, भाषा, लाटा. मूर्ख आहे मी. जेवले नाही.

१० ऑक्टोबर

आत्याने सकाळी हाताला धरून पि.खो.च्या दाराशी नेलं.

"फटीला नाक लाव. काय येतंय?"

केळ्याचा वास, म्हटलं.

"केळ्याचा वास काय असतो? नीट हांग."

डोळे मिटले. बराच वेळ. ओली पाटी, म्हटलं. शाळेतली, नुकती पुसलेली.

तिचा चेहरा असा उजळला! "तोच. पहिल्या दिवसाचा तोच."

मग सांगत गेली. दुसऱ्या दिवशी काकडी कापल्यासारखा. तिसऱ्या दिवशी तांदूळ धुतलेल्या पाण्याचा. आणि मग गूळ. पण कुठला? शेजारच्या घरात कोणी ढेप फोडली आणि आपल्याला नुसती चाहूल लागली, तेवढा. त्या सकाळी उघडायचं. गूळ आपल्याच घरात आला असं वाटलं की उशीर झाला.

एकेचाळीस वर्षांची झाले, या घरात आई-बाबा गेल्यापासून बारा वर्षं राहतेय, सुकेळी डब्याने खाल्ली. हे कधी विचारलंच नाही.

आकडा ७०. वहीत शेजारी लिहिलं: पाटी.

११ ऑक्टोबर

आकडा ९५. काकडी. अगदी! दारात उभी राहून हसले. ऑफिसच्या मीटिंगमध्येही मला काकडीच येत होती.

१२ ऑक्टोबर

१३२. तांदळाचं पाणी आहे का? आहे बहुतेक. आत्याला म्हटलं, नक्की नाही सांगता येत. ती म्हणाली, नक्की असं कोनाला येत नाय, रोज जायचं दाराशी. दुपारी ती ओसरीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वास माझ्या चेहऱ्यावरून येतो की काय आता.

मंगेशदादाचा फोन. उद्या येतोय, दर वर्षी पहिलं दार उघडताना असतोच. आत्याने फोन ठेवला आणि पदराची गाठ सोडत-बांधत राहिली.

१३ ऑक्टोबर

लहानपणापासूनची पद्धत अशी: आत्या फटीशी उभी राहते, मंगेशदादा कडीला हात लावून थांबतो आणि विचारतो, "आई, उघडू?" ती म्हणते, उघड.

आज तसंच. सकाळी सात. तो कडीशी, आत्या फटीशी, मी मागे फोन घेऊन. आकडा १७१. आत्याने नाक लावलं, डोळे मिटले. सगळं नेहमीसारखं. मला वाटलं, ती आता उघड म्हणेल आणि काही झालंच नाही असं होईल. तीच इच्छा होती माझी.

"आई, उघडू?"

ती बाजूला झाली. "सुजे, तू हांग."

पुढे गेले. फटीतून ऊब आली, थोडा विझला धूर, आणि त्याच्या मागे, लांब, कोणाच्या तरी घरात.

"गूळ," म्हटलं. "शेजारी."

"उघड," आत्या म्हणाली.

मंगेशदादाने कडी काढली नाही. आमच्या दोघींकडे बघत राहिला. तेव्हा तिनेच सांगितलं. "मना वास नाय येत, मंगेश. जूनपासून नाय येत. हिला येतो."

तो पायरीवर बसला. पहिलं विचारलं, "गॅस?" मी अलार्म दाखवला, फोनवरचे ठिपके दाखवले, सगळं एका दमात. तो ऐकत होता की नाही देव जाणे. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला माहीत होतं. दीड महिना."

हो.

"उद्या तिला काही झालं असतं तर तुझ्या ठिपक्याने मला कळवलं असतं?"

खरं म्हणजे एवढ्या भाषा वाचल्या, त्याला एक फोन करायचं सुचलं नाही मला. लाज वाटते.

मग त्याने उठून कडी काढली. केळी बरोबर होती. सालीवर नुकते तपकिरी ठिपके, दाबलं की बोट बसतं आणि वर येतं. दिवसभर तिघं सोलत होतो.

१९ ऑक्टोबर

सुकेळी मांडवावर, सहावा दिवस. मधे दोनदा ढग आले, दोनदा आत घेतली. मधाच्या रंगाची झालीत, हाताला चिकटतात. मंगेशदादा आज येऊन गेला; जाताना त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत उभा राहिला. आत्या म्हणाली, "कशी झाली?" तिला चवही धड लागत नाही, हेही त्याला तेव्हाच कळलं असावं.

"तुझ्यासारखीच," म्हणाला. डोळे भरले होते त्याचे.

पण दिवाळी झाली की नेणार. नाकाच्या डॉक्टरला दाखवायचं, तपासण्या करायच्या. परत कधी, ते नाही बोलला.

दुपारी दुसरी खेप उतरवायला आत्याने माणसाला निरोप धाडला. "तू असताना कशाला थांबायचं?" म्हणाली. मी असताना!

२४ ऑक्टोबर

आज सकाळी नेलं तिला. एक पिशवी, दोन लुगडी, औषधांचा डबा. कोयती खुंटीलाच आहे. तिचा बसायचा पाट मात्र गाडीत घातला. पाट का नेला? दोन दिवसांसाठी कोणी पाट नेतं? तिला पाटाशिवाय खाली बसवत नाही, म्हणून असेल... जाऊ दे.

निघताना पडवीतल्या बटणाकडे बोट केलं. झोपवू नको. म्हटलं, नाही झोपवणार.

दुसरी खेप पेंढ्यात आहे, आज दुसरा दिवस.

२५ ऑक्टोबर

घर शांत. नकाशावर सगळे ठिपके जागेवर. पि.खो.चा निरोप दर दहा मिनिटांनी केळीतून येतो, मी वाचते, वाचून दाखवायला कोणी नाही.

सकाळी दाराशी गेले. १२८. तांदळाचं पाणी, आज अगदी नक्की, शंकाच नाही. इतका स्पष्ट आला की मागे वळून सांगायला गेले.

साडेआठला फोन. मागे फुलपाड्याचा रस्ता, हॉर्न, कुकरची शिट्टी.

"काय येतंय?"

तांदळाचं पाणी.

"हां." मग, "म्हंजे उद्या गूळ."

उद्या किंवा परवा, म्हटलं, रात्री थंड होतं आता.

"परवा सोमवार. डॉक्टर दहाला हाय." मागून मंगेशदादाचा आवाज आला, काहीतरी विचारत होता, तिने फोनवर हात ठेवला असावा, नीट कळलं नाही. मग तोच फोनवर आला.

"सुजाता, कडी कोण काढणार?"

मी काढेन, म्हटलं.

"ती जड आहे. वर उचलून मग ओढावी लागते." मग, "सकाळी किती वाजता जातेस दाराशी?"

सात, म्हटलं. फोन आत्याच्या हातात गेला.

"सुजे, एकदा परत जा. फोन घेऊन जा."

साठ पावलं चालत गेले. केळीच्या आत फोनचा आवाज तुटायला लागला, तरी बंद केला नाही. दाराशी उभी राहिले, फटीला नाक लावलं आणि तिला हळूहळू सांगत राहिले. पलीकडे ऐकू जात होतं की नाही, माहीत नाही. फोन चालू होता.